ड्रेस्डेन : नव्याने बांधलेलं जुनं शहर, आणि माझी खुटखुट

पायपीट
मंडळी, सप्टेंबरात बर्लिनला भावाकडे गेले होते, तिथून चार दिवस ड्रेस्डेनला जाऊन आलो. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, जीभ अजिबात नाही). फोटो निवडायला वेळ लागेल, तोवर डोक्यात एक खुटखुट आहे ती इथे मांडते.

पहिल्या संध्याकाळी नदीच्या पलीकडच्या काठावरून शहर बघितलं. एल्ब संथ वाहतेय, वर सगळे घुमट न् मनोरे, ऊन तिरपं, मी अक्षरशः पाच मिनिटं गप्प (नवऱ्याने तारीख लिहून ठेवली). दुसऱ्या दिवशी आत शिरलो. फ्राउएनकिर्शे म्हणजे ते मोठ्या घंटेसारख्या घुमटाचं चर्च, तिथे गाईड सांगायला लागला की मूळ चर्च १७४३ चं, फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यानंतर १५ तारखेला सकाळी कोसळलं, मग जवळजवळ पन्नास वर्षं नुसता ढिगारा, आणि आत्ता दिसतंय ते २००५ साली पूर्ण झालं. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या लग्नाच्याच वर्षीचं की गं हे." माझं लग्न २००५ चंच!

तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. शेजारची गुलाबी-पिवळी घरं, तीही नवीन. राजवाडा, नवीन. ऑपेरा १९८५ चा. सगळीकडे मला आपण सेटवर फिरतोय असं वाटत राहिलं. आपल्याकडे शनिवारवाड्यात नुसती जोती उरलीयेत पण ती जोती खरी आहेत ना? तर प्रश्न असा की पुन्हा बांधलेल्या शहराला ऐतिहासिक म्हणायचं का? तुम्ही गेला असाल तर तुम्हाला काय वाटलं? की मीच जास्त विचार करतेय?

बिनकामाचा
तुमचं लग्न पण २० वर्षांत दोनतीनदा रिनोव्हेट झालंच असेल, ते खरं नाही का?

पायपीट
@बिनकामाचा, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तुमचा फॅन झालाय.

दादरकर_नाना
आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो (नाव घेत नाही). प्राग ते बर्लिन जाताना ड्रेस्डेनला दोन तास दहा मिनिटं. त्यातली चाळीस मिनिटं टॉयलेटच्या रांगेत, कारण ५० सेंटचं नाणं कोणाकडेच नाही आणि टूर मॅनेजर सुट्टे पैसे आणायला गेला तो आलाच नाही. चर्च बाहेरून बघितलं. चांगलं होतं. त्यामुळे खरं-खोटं ठरवण्याइतका वेळ आम्हाला नव्हता.

खमंग_काकडी
नाना __/\__

एल्बकाठी
नऊ वर्षं ड्रेस्डेनमध्ये राहते (कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आहे, इथे आमच्यासारखे बरेच मराठी लोक त्याच धंद्यात किंवा विद्यापीठात), त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बसा.

सेटवर फिरल्यासारखं वाटलं हे मी समजू शकते, मलाही पहिल्या वर्षी वाटलेलं. पण पायपीटताई, तुम्ही चर्चच्या भिंती जवळून बघितल्यात का? फिकट दगडात मध्येमध्ये काळे दगड आहेत. ते काळे म्हणजे जुन्या चर्चचे. ढिगारा उपसताना एकेक दगड मोजून, फोटो काढून, त्याची जागा शोधून काढली आणि बाहेरच्या भिंतीत साडेतीन हजारांहून जास्त जुने दगड परत बसवले. एका कोपऱ्यात तर जुन्या भिंतीचा अख्खा तुकडा उभाच होता, तो तसाच नव्यात घेतलाय. बांधकाम ९४ ला सुरू झालं, खर्च १८ कोटी युरोच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग लोकांच्या देणग्यांचा.

वरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका सोनाराने घडवलाय, आणि त्याचे वडील १९४५ च्या त्याच हल्ल्यात बाँबर विमानात होते. जुना क्रॉस ढिगाऱ्यात सापडला, वाकलेला, जळलेला, तो आत ठेवलाय. बहुतेक लोक घुमटाचा फोटो काढण्याच्या नादात त्याच्या शेजारून निघून जातात.

आता पन्नास वर्षं ढिगारा का राहिला? पूर्व जर्मनीच्या सरकारने तो युद्धाची आठवण म्हणून ठेवला, शिवाय चर्च बांधायला ना पैसा ना इच्छा. माझी घरमालकीण ८० च्या पुढची आहे, ती सांगते की १९८२ पासून १३ फेब्रुवारीला तरुण मुलंमुली ढिगाऱ्यापाशी मेणबत्त्या लावायला जमायला लागली, पोलीस बाजूला उभे. तिचा मुलगा त्यात होता आणि ती घरी खिडकीशी. तिला विचारलं की चर्च खरं का खोटं, तर ती म्हणेल आधी स्वैपाकघरातनं बाहेर हो.

अजूनही १३ फेब्रुवारीला रात्री पावणेदहाला शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा वाजतात. १९४५ ला त्याच रात्री, साधारण त्या वेळेला हल्ल्याचा भोंगा वाजला होता. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, मी बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होते.

पायपीट
@एल्बकाठी, काळे दगड बघितले पण मला वाटलं ते बाँबने जळून काळे झालेत! आमच्या गाईडनेही काही सांगितलं नाही.

एल्बकाठी
हा गैरसमज सगळ्यांचाच असतो. इकडचा वालुकाश्म हवेतच काळा पडतो, दगडातल्या लोहामुळे आणि वर धुराची भर. युद्ध न बघितलेल्या इमारती पण तशाच काळ्या आहेत. नवे दगडही हळूहळू काळे होतील आणि मग जुनं कुठलं नवं कुठलं कळणार नाही.

गडवेडा
बाकी चर्चचं तुमचं चालू द्या. शहराबाहेर कोणी गेलं की नाही?? ड्रेस्डेनपासून लोकल ट्रेनने पाऊण तासाच्या आत सॅक्सन स्वित्झर्लंड लागतं (नावापुरतं स्वित्झर्लंड, एल्बकाठचा सुळक्यांचा डोंगराळ भाग). एस-वन पकडा, राथेनला उतरा, समोर नदी. तिथली फेरी इंजिनाशिवाय चालते, वर नदीत बांधलेल्या दोराला बोट अडकवलेली, प्रवाहच तिला या काठावरून त्या काठावर ढकलतो. आपल्याकडची नदी ओलांडायची जुनी तर आठवली. मग पाऊण तास पायऱ्या चढून बास्टायचा दगडी पूल, सुळक्यांच्या मधनं बांधलेला, १८५१ चा. खाली एल्ब जवळपास १९४ मीटर. सूर्योदयाला जा, नंतर बसेस येतात आणि पुलावर दादर स्टेशन होतं.

पण माझा जीव अडकला तो क्योनिगश्टाइन किल्ल्यात. बारा तेरा वर्षं सह्याद्रीत भटकतोय, परदेशात किल्ला म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वाडे असतात. हा खरा गड! चारी बाजूंनी तुटलेला कडा, वर साडेनऊ हेक्टरचा सपाट माथा, थेट हल्ला करून कधी घेतला गेला नाही. मी पहिल्यांदा काय शोधलं सांगा? पाणी. टाकी नाहीत, विहीर आहे, १५२.५ मीटर खोल! १५६० च्या दशकात खडक फोडून सहा वर्षांत खणली. माणसं मोठ्या चाकात चालून पाणी वर काढायची. आता पाणी ओतून दाखवतात, खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत सगळे श्वास रोखून.

आणि गोष्टी तरी किती आपल्यासारख्या. १८४८ मध्ये एक धुराडी साफ करणारा पोरगा कड्याच्या भेगेतनं नुसत्या हातापायांनी वर चढून गेला, त्याला म्हणे तिकिटाशिवाय आत जायचं होतं. आपली हिरकणी उतरली, हा चढला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच जनरल जिरो इथे कैदेत होता, १९४२ च्या एप्रिलमध्ये दोराने कडा उतरून पसार झाला, वय ६३. पेटारे वगैरे काही नाहीत.

चूक एकच केली, दुपारी लिफ्टने वर गेलो. होय, गडाला लिफ्ट आहे. खाली उतरल्यावर लाज वाटली म्हणून परत चालत वर जाऊन आलो.

खमंग_काकडी
गडाला लिफ्ट हे वाचून आमच्या ग्रुपमध्ये भांडण लागणार आहे, धन्यवाद.

कातळवेल
गडवेडा, तिथले क्लाइंबिंगचे नियम बघितलेत का? मी दोन मोसम तिकडे केलंय. खडूची पूड बंद. भेगेत लोखंडी काही अडकवायचं नाही, दोराच्या गाठी मारून त्या भेगेत ठोसायच्या आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा. कारण वालुकाश्म मऊ, लोखंडाने खरवडतो. पाऊस पडून गेल्यावर दगड वाळेपर्यंत चढायचंच नाही. आपल्या बेसाल्टची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी रडू येतं. शंभर वर्षांहून जुने नियम आहेत आणि लोक पाळतात, कोणी वॉचमन बसवलेला नाही.

शाकाहारी_सिंह
कोणी खाण्याचं बोलणार की मी निघू?

खवय्ये_खानदान
@शाकाहारी_सिंह बसा. घाबरू नका, उपाशी मरणार नाही.
क्वार्ककॉयल्शेन नावाचा प्रकार आहे (मी तीन दिवस उच्चार करून सोडला, बोट दाखवा), उकडलेला बटाटा आणि क्वार्क म्हणजे चक्क्याच्या जवळ जाणारं प्रकरण, मळून चपट्या टिक्क्या, लोण्यात भाजून वर साखर आणि सफरचंदाचा गर. गोड बटाटेवडा चपटा केला तर. आयरशेके म्हणून तीन थरांचा केक, अंडं चालत असेल तर सोडू नका. बटाट्याचं सूप मागाल तर सॉसेज घालू नका हे आधी सांगा, नंतर सांगितलं तर ते काढून देतात. नाताळच्या बाजारात हांडब्रोट, पावात चीज मशरूम भरून भट्टीतनं गरम गरम. मी एका संध्याकाळी तीन खाल्ले, डिसेंबर होता आणि बायको बघत नव्हती.

आणि श्टोलन. सुकामेवा घातलेला वर पिठीसाखरेत लोळवलेला पाव-केक, इथलाच. याची गोष्ट मस्त आहे. नाताळच्या आधीचे दिवस उपासाचे, लोणी चालत नाही, त्यामुळे तेलात केलेला अगदी बेचव श्टोलन. सॅक्सनीच्या, म्हणजे या प्रांताच्या, राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केला, आणि १४९१ मध्ये पोपचं पत्र आलं की लोणी चालेल. त्याला लोण्याचं पत्रच म्हणतात.

बिनकामाचा
साबुदाण्याला कुठल्या पोपनी परवानगी दिली होती ते पत्र सापडतं का बघा कोणीतरी. भगर आणि वेफर्सचं पण.

खमंग_काकडी
हसून हसून पुरेवाट. आमच्या आजीकडे असेल ते पत्र, डब्यात.

दादरकर_नाना
एवढं सगळं त्या शहरात आहे आणि आम्हाला दुपारी बसमध्ये थेपले दिले.

सोनारआळी
इतका वेळ वाचत होतो, पण आता राहवत नाही, कारण ड्रेस्डेनमधली आपल्या लोकांनी बघायलाच पाहिजे अशी वस्तू अजून कोणी काढलीच नाही. आमचा घरचा धंदा सोन्याचा, नगरचे आम्ही. मुलीकडे लाइपझिगला गेलो तेव्हा ती म्हणाली बाबा राजवाड्यात खजिना आहे, ग्रीन व्हॉल्ट नावाचा, तुम्हाला आवडेल. दोन भाग आहेत, दोघांची तिकिटं वेगळी. खाली ऐतिहासिक, तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. वर नवीन, तिथे वस्तू सुट्या सुट्या, काचेत, जवळून बघता येतात.

वरच्या मजल्यावर एका दालनात गर्दी दिसली म्हणून गेलो. मेजाएवढा देखावा, जवळजवळ दीड मीटर रुंद, सोनं, चांदी, मीनाकाम, सिंहासन, हत्ती, छत्र्या, नजराणे घेऊन येणारे सरदार, सव्वाशेच्या वर माणसं आणि जनावरं, प्रत्येक बोटाएवढं. हिरे पाच हजारांवर. पाटी वाचली आणि पोरीला हाक मारली. नाव आहे "मुघल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार."

करणारा योहान मेल्खिओर डिंगलिंगर, सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या ऑगस्टस राजाचा सोनार. भारतात कधी पाऊल टाकलं नाही, प्रवाशांची वर्णनं वाचून केलं सगळं. म्हणून त्यात चिनी वाटणाऱ्या छत्र्या आहेत आणि इजिप्तचं पण काहीबाही आहे. कोणी सांगितलंही नव्हतं कर म्हणून, भावांना हाताशी घेऊन स्वतःच्या जोखमीवर केलं आणि मग राजाला विकलं. धंद्यातल्या माणसाला विचारा, ऑर्डर नसताना एवढा माल अडकवणं म्हणजे काय असतं ते. मी मीनाकाम बघत बसलो, एवढ्याशा चेहऱ्यावर रंग भरून भट्टीत घालायचा आणि तो तडकू द्यायचा नाही!

आणि मग साल वाचलं. १७०१ ते १७०८.

मंडळी, त्या सात वर्षांत औरंगजेब कुठे होता? दिल्लीत नव्हताच. १७०० ला साताऱ्याच्या किल्ल्यापुढे, मग पन्हाळा, मग विशाळगड, मग सिंहगड, राजगड, तोरणा. ऐंशी ओलांडलेला म्हातारा पावसाचिखलात एकेक गड घेतोय, ताराबाईंची माणसं मागनं परत घेतायत. आणि १७०७ ला आमच्या नगरला वारला. देखावा पूर्ण होण्याआधी. तिकडे तो सोनार दिवा लावून त्याच्या वाढदिवसाचे हत्ती घडवतोय आणि ज्याचा वाढदिवस तो खुलदाबादला उघड्या आभाळाखाली साध्या मातीत.

पोरगी म्हणाली बाबा चला, बंद होईल. दीड तास झाला होता.

पायपीट
@सोनारआळी, अंगावर काटा आला. आणि आता रडू पण येतंय कारण आम्ही मंगळवारी गेलो आणि राजवाडा मंगळवारी बंद!! सासूबाई म्हणाल्या राजेलोकांना पण सुट्टी पाहिजे.

गडवेडा
मी दोन वेळा ड्रेस्डेनला जाऊन हे बघितलं नाही. कपाळकरंटा.

चष्मेबद्दूर
सोनारआळी काका, दंडवत. भर घालतो. त्याच मजल्यावर ४१ कॅरेटचा हिरवा हिरा आहे, नैसर्गिक हिरवा, तो गोवळकोंड्याकडचा म्हणजे आपल्याच दख्खनचा मानतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खालच्या ऐतिहासिक दालनात चोरी झाली, पहाटे खिडकीचा गज कापून आत, कुऱ्हाडीने काच फोडली. तेव्हा हा हिरा न्यूयॉर्कला प्रदर्शनात गेलेला म्हणून सुटला. चोरीचा बराचसा माल २०२२ च्या डिसेंबरात परत मिळाला आणि पुढच्या वर्षी पाच जणांना शिक्षा झाली.

हे सगळं जमवणारा राजा ऑगस्टस, त्याला चिनीमातीच्या भांड्यांचं वेड. १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. त्यातल्या मोठ्या बरण्यांना अजून ड्रॅगून बरण्या म्हणतात, सैनिकांवरून. त्याच्या आधीच, इतकी भांडी विकत घेणं परवडेना म्हणूनही असेल, चिनीमातीचं गुपित फोडायला एका किमयागाराला कोंडून ठेवला, १७०८ ला जमलं, १७१० ला माइसेनच्या गढीत कारखाना. माइसेन ट्रेनने अर्ध्या पाऊण तासावर, अर्धा दिवस पुरतो.

खमंग_काकडी
जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण माहिती होती. जुने सैनिक घेऊन भांडी देणारा राजा पहिल्यांदाच ऐकला.

बिनकामाचा
"सहाशे दिलेत, अजून दोन घोडेस्वार टाका म्हणजे झाकण देते."

एल्बकाठी
:)) हे उद्या कँटीनमध्ये भाषांतर करून सांगायचा प्रयत्न करते. बोहारीण कशी समजावू?

कॉफीखोर
अवांतर: कॉफीचा कागदी फिल्टर पण ड्रेस्डेनचाच. मेलिटा बेंट्स नावाच्या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद घेऊन भोकं पाडलेल्या डब्यात घातला, गाळ खाली येईना. पेटंट घेतलं, कंपनी काढली. टीपकागद म्हणजे काय हे आजच्या पोरांना विचारून बघा.

ओसरी
नवऱ्याने ट्रेनमधून मोठी मशीद दाखवली, रंगीत काचेचा घुमट, मिनार वगैरे, मी म्हटलं अरे वा. नंतर कळलं तो सिगरेटचा कारखाना, १९०९ चा, येनिडझे नावाचा, तुर्की तंबाखूची जाहिरात म्हणून तसा बांधला आणि मिनार म्हणजे धुराडं. आता आत ऑफिसं आहेत. पायपीटताई, खोट्या इमारतींचं बोलताय तर ही पण घ्या यादीत, शंभर वर्षं जुनी खोटी!

दुसरं, तिकीट विकत घेऊन ट्रामच्या मशीनमध्ये ते छापून घ्यायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं, ६० युरो दंड भरलाय. माणूस फार सभ्यपणे हसत हसत पैसे घेऊन गेला.

आठवडी_बाजार
एक वेगळा प्रश्न. मुलीला तिकडे मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये. बातम्यांमध्ये तिकडे परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे वगैरे ऐकलं. @एल्बकाठी कृपया खरं सांगाल का? घरात सगळे काळजीत आहेत.

एल्बकाठी
खरं सांगते. २०१४ पासून सोमवारी मोर्चे निघायचे, ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले. पण मतं बंद होत नाहीत. मला नऊ वर्षांत दोनदा ट्राममध्ये वाईट बोललेलं ऐकावं लागलंय, एकदा एका आजीने त्या माणसाला उतरवलं. विद्यापीठाच्या भागात आणि नॉयश्टाटमध्ये सगळ्या जगाची मुलं आहेत. रात्री उशिरा एकटीने लांबच्या वस्त्यांमध्ये जाऊ नको हे मी तिला सांगेन, पण ते मी पुण्यातही सांगितलं असतं. व्यनि (खासगी निरोप) करा, माझा नंबर देते, आल्यावर पहिल्या रविवारी जेवायला आमच्याकडे. रविवारी दुकानं बंद असतात, नवीन मुलं उपाशी राहतात.

आठवडी_बाजार
ताई, खूप खूप आभार. हे तिच्या आईला आत्ताच वाचून दाखवलं.

वहीची_पानं
उशिरा आले धाग्यावर. मूळ प्रश्नाकडे येते कारण तो मध्येच हत्तींच्या पायाखाली गेला.

पायपीट, तुम्ही ज्या ब्र्युल टेरेसवरून नदी बघितली असणार (लोक तिला युरोपची बाल्कनी म्हणतात) ती पूर्वेला जिथे संपते तिथून थोडं पुढे गेलं की एक बिनखिडक्यांचा, वर जाता जाता थोडा थोडा वळत गेलेला दगडी ठोकळा दिसतो. ते सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्या जागेवर १८४० मध्ये गॉटफ्रीड झेंपरने बांधलेलं सिनेगॉग होतं, तोच झेंपर ज्याच्या नावाने ऑपेरा आहे. ते बाँबने पडलं नाही. ते ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री याच शहरातल्या लोकांनी जाळलं, युद्ध सुरू होण्याच्या आधी. ड्रेस्डेनवरच्या बाँबहल्ल्यात २५ हजारांपर्यंत माणसं मेली हे खरंच आहे, आणि भयंकर आहे, पण गोष्ट फेब्रुवारी ४५ पासून सुरू केली की शहर नुसतंच बिचारं होऊन बसतं.

नवीन सिनेगॉग २००१ मध्ये उघडलं, ९ नोव्हेंबरलाच. म्हणजे चर्च अर्धं बांधून झालं होतं तेव्हा. एकाच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर. चर्च होतं तसं बांधलं, सिनेगॉग मुद्दाम तसं बांधलं नाही. जुन्याची आखणी फक्त मधल्या चौकात जमिनीवर दाखवलीये. मला ही दोन्ही बरोबर वाटतात आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. म्हणून "पुन्हा बांधलेलं खरं का खोटं" याला एक उत्तर नाही, कोणी पाडलं आणि कोण बांधतंय ते बघावं लागतं.

चष्मेबद्दूर
सहमत, पण थोडी काडी टाकतो. शेजारची ती गुलाबी घरं तुमच्या कुठल्या खात्यात? आत सिमेंट, हॉटेलं आणि दुकानं, बाहेर फक्त अठराव्या शतकाचा मुखवटा. चर्चसाठी लोकांनी मेणबत्त्या लावल्या, या घरांसाठी कोणी लावल्या? आपल्या रायगडावर उद्या कोणी वाडा बांधून दिला तर मी जाणार नाही, मला ती जोतीच बघायचीयेत.

गडवेडा
रायगडाचं नाव काढलंत, आता धागा तीनशे पार जाणार. मी तर म्हणतो दरवाजे, बुरुज ढासळतायत ते सावरा, राजवाडा बांधू नका. पण आमच्याच ग्रुपमध्ये अर्धे लोक म्हणतात बांधा, पोरांना दिसलं पाहिजे. ते अर्धे काही मूर्ख नाहीत.

एल्बकाठी
चष्मेबद्दूर, गुलाबी घरांवरून इकडे पण भांडणं झालीयेत, अजून होतात. आणि शहर "होतं तसं" ठेवायचं एवढं वेड असूनही एल्बच्या खोऱ्याला २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा २००९ मध्ये गेला, का, तर लोकांनी मतदान करून नवा पूल मागितला. मी रोज त्या पुलावरून ऑफिसला जाते, वाहतूक नाहीतर काय झाली असती विचारू नका. २०२४ च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका पुलाचा भाग पहाटे आपोआप नदीत कोसळला, थोडाच वेळ आधी ट्राम गेली होती. तेव्हापासून नव्या पुलाला नावं ठेवणारे शेजारी जरा गप्प आहेत.

वहीची_पानं, तुमच्यात एक ओळ जोडते. नाताळचा मोठा बाजार, १४३४ पासूनचा, भरतो ती जागा आल्टमार्क्ट. हल्ल्यानंतर साथ पसरेल म्हणून तिथे ६,८६५ मृतदेह जाळले, जमिनीत त्याची नोंद आहे. डिसेंबरमध्ये तिथून चालताना हातात हांडब्रोट असतं. मी दरवर्षी खाते. काय करणार.

पायपीट
सगळ्यांचे प्रतिसाद परत एकदा सलग वाचले. वहीची_पानं, तुम्ही लिहिलेला ठोकळा आम्ही बघितलाय! फोटोंमध्ये शोधलं. सासूबाई दमल्या म्हणून तिथेच कठड्यावर बसल्या होत्या, त्यांचा फोटो आहे, मागे ती भिंत. मी तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं की ही गोदामासारखी इमारत मध्ये येतेय, जरा सरकून काढ. त्याने सरकून काढला, तरी अर्धी आलीच आहे.

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, "आमच्या गावचं मारुतीचं देऊळ मी तीन वेळा पाडून बांधलेलं बघितलं, मारुती तोच आहे." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पण मारुती तोच होता म्हणून." मी अजून त्याच्यावर विचार करतेय. आणि औरंगजेबाचे हत्ती बघायला परत जायचं नक्की झालंय, त्यांनीच ठरवलं, मला विचारलं नाही.

ओसरी
सासूबाईंना आयडी काढून द्या.

खमंग_काकडी
+१०० सासूबाईंना

प्राग_ते_बर्लिन
नमस्कार, धागा वर काढतो. एप्रिलमध्ये प्रागहून ट्रेनने येतोय, सोबत आईवडील. १) नदी दिसायला कुठल्या बाजूला बसावं? २) महिन्याचा जर्मनी पास घेऊ का? ३) बास्टायला वडिलांना पायऱ्या जमणार नाहीत. ४) आम्ही सोमवारी रात्री पोचतोय, मंगळवारी ग्रीन व्हॉल्ट आणि बुधवारी सकाळी निघायचं, पुरेल ना?

गडवेडा
१) प्रागहून येताना उजवीकडे, उलट जाताना डावीकडे. २) तो पास फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना, प्रागच्या एक्सप्रेसला चालत नाही, आणि २०२६ च्या जानेवारीपासून ५८ चे ६३ युरो झालेत. ३) पिर्नाहून बस थेट वर जाते.

दादरकर_नाना
४) मंगळवारी बंद!!! वर वाचा की हो जरा.